सण देवाचा, वही कोणाची?



आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो. नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा, गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, दिवाळी आणि कार्तिकीच्या पाठोपाठ तुळशीचे लग्न. सणाच्या पाठीला सण लागलेला. या चार महिन्यांत देव झोपलेला असतो असे शास्त्र सांगते. घरचा कर्ता मात्र याच चार महिन्यांत झोपत नाही. पोरांचे कपडे, लेकीचे माहेरपण, जावयाचा मान, किराणा, वर्गणी, तेल आणि साखर असा सगळा आकडा त्याच्या उशाशी येऊन बसतो.

मी चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता वयाने सत्तरी ओलांडली, गळा साथ देत नाही, म्हणून लेखणी हातात धरली आहे. कीर्तनात सांगितलेले पुष्कळसे सांगण्यासारखे होते असे मला आजही वाटते. पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षे अर्धीच सांगितली. ती परत घ्यायची राहिली आहे. व्यासपीठावर केलेली चूक घरात बसून मनातल्या मनात परत घेता येत नाही, ती चारचौघांतच परत घ्यावी लागते. म्हणून हा लेख.

१९८३-८४च्या सुमाराची हकिगत. जुन्या भीमथडी मुलखातल्या एका गावी श्रावणातला सप्ताह होता आणि चौथ्या दिवशीचे कीर्तन माझे होते. तेव्हा आवाज खणखणीत होता आणि अंगात जोरही होता. प्रपंचाचे निरूपण करता करता मी ‘ऋण काढून सण’ या म्हणीवर आलो आणि गावाला चांगले अर्धा तास झोडपले. तुम्ही बुडालात ते सणांनी, लग्नांनी आणि हौसेने, असे सांगितले. लोक हसले, माना डोलावल्या, टाळकऱ्यांनी गजर केला. कीर्तन रंगले असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा झाल्यावर एक म्हातारी देवळाच्या पायरीशी थांबली होती. माळकरी होती. पाया पडली आणि म्हणाली, “बुवा, राती तुमी म्हनलात आमी सनानं बुडालो. माझ्यावं साडेचार हजाराचं कर्ज हाय. सांगू का कशाचं त्ये?” मी म्हटले, सांगा आजी. तिला अक्षर येत नव्हते, पण आकडा तोंडपाठ होता. बैल मेला, दुसरा घेतला, त्याचे अठराशे. नवऱ्याच्या पोटाचे दुखणे, त्याचे तेराशे. विहिरीचा गाळ आणि इंजिन, नऊशे. बी आणि खत, तीनशे ऐंशी. “आन् दिवाळीला पोरास्नी कापडं आन् थोडं त्याल-गूळ, त्याचं येकशेवीस. आता सांगा बुवा, मी सनानं बुडाले का?”

मी बेरीज केली. चार हजार पाचशे बरोबर आले. त्यात सणाचे एकशेवीस. माझ्या तोंडून शब्द निघेना. म्हातारी रागावली नव्हती. जाता जाता एवढेच म्हणाली, “वर्सातनं येकदा पोरांच्या त्वांडात ग्वाड पडतं, त्ये तेवडं तुमाला दिसलं.”

वाचकहो, हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही. त्या गावाहून परतल्यावर मी पोथ्यांबरोबर इतिहासाची पुस्तकेही चाळू लागलो. ओळखीच्या एका शिक्षकांनी वाटही दाखवली. त्या वाचनातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आरंभ देहूपासून करू. तुकोबारायांचे घर सावकारी करणारे, व्यापार करणारे, महाजनकीचे. १६३०च्या सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्या काळात बुवांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बसला. पुढे मन विठ्ठलाकडे वळल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जखतांचे दोन वाटे केले. एक धाकट्या भावाला, कान्होबाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडली. आम्ही कीर्तनकार हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण त्यातल्या एका बारकाव्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. बुवांनी भावाचा वाटा बुडवला नाही. त्याग केला तो आपल्या हिश्श्याचा. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या भाकरीवर पाणी सोडणे म्हणजे वैराग्य, असे त्यांनी मानले नाही.

याच घरात जिजाई आहे. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची, म्हणजे सावकाराच्या घरची लेक. तिला आम्ही कीर्तनकारांनी कर्कशा म्हणून रंगवली आणि लोकांना हसवले. मीही हसवले. पण ताहाराबादच्या महिपतीबुवांनी १७७४ साली पुरे केलेले ‘भक्तलीलामृत’ उघडून पाहा. महिपतीबुवा गावचे कुळकर्णी. जमाखर्च, खत, व्याज हे सारे त्यांच्या रोजच्या हातचे. त्यांनी सांगितले आहे की नवऱ्याची पत गेल्यावर जिजाईने आपल्या शब्दावर भांडवल उभे केले आणि बुवांना पुन्हा व्यापाराला पाठवले. बुवांना नफाही झाला. पण परतताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला आणि सारी रक्कम त्याला देऊन बुवा रिकाम्या हाताने घरी आले.

आता हा प्रसंग जिजाईच्या बाजूने पाहा. पैसा तिच्या शब्दावर आलेला, देणे तिच्या नावावर राहिलेले, चूल तिच्यापुढे आणि पोरे तिच्या भोवती. ती बोलली तर काय नवल? बुवांनी एका घराचे ऋण फेडले, ते मोठेच काम झाले. पण त्यासाठी दुसऱ्या घरात ज्या बाईने ऋण अंगावर घेतले तिच्या नावाने आम्ही गजर केला नाही. घरोघरची काटकसर, शिल्लक, सणावाराची बेगमी हा सगळा जिजाईचा प्रांत आहे. त्याला परमार्थाच्या बाहेर ठेवून आम्ही निरूपण केले, ही माझी पहिली चूक.

इंद्रायणीत खते बुडाली त्याला सुमारे अडीचशे वर्षे होत आली असताना त्याच पुणे प्रांतात कर्जखते पुन्हा नष्ट झाली. या वेळी ती डोहात बुडाली नाहीत, आगीत गेली, आणि देणाऱ्याने सोडली नाहीत, घेणाऱ्यांनी हिसकावून घेतली. १२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांची मागणी एकच होती, आमची खते आणि वह्या बाहेर काढा. मिळाली ती जाळली. लोण पुण्या-नगरच्या अनेक गावांत पसरले. इतिहासकार नमूद करतात की माणसांना फारशी इजा झाली नाही, लोकांचा राग कागदावर होता. त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातल्या करड्याला गावाने सावकारांना वाळीत टाकले होते. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही, असे ठरले होते.

हे का झाले? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले तेव्हा तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडला, कुणब्याने कर्ज काढले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच तीस वर्षांनी जमाबंदीची फेरतपासणी होऊन सरकारसारा वाढला. पीक बेताचे, भाव पडलेला, सारा वाढलेला, आणि नेमका त्याच वेळी सावकाराने हात आखडला. मग ठिणगी पडायला कितीसा वेळ?

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हाच्या साहेबलोकांत आणि आपल्याकडच्या शिकलेल्यांतही एक मत सर्रास चाले की कुणबी उधळ्या आहे, लग्नात आणि सणात पैसा घालवतो आणि मग सावकाराच्या नावाने रडतो. म्हणजे माझे श्रावणातले कीर्तनच. पण आयोगाने वह्या तपासल्या, साक्षी घेतल्या, नगरकडच्या बारा गावांत पाहणी केली. सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक कर्जात होते आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते. आणि १८७६च्या अहवालात आयोगाने असे म्हटले की लग्न आणि सणांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. नावावर तो खर्च पडतो खरा, पण कर्जाचे मूळ बीज तो क्वचितच असतो. पोटाला लागणारे धान्य, बी, बैल आणि सरकारसारा यांसाठी काढलेल्या लहान लहान रकमाच जास्त वेळा कर्जाला सुरुवात करून देतात आणि व्याजाने फुगतात.

हे वाचले तेव्हा मला देवळाच्या पायरीवरची ती म्हातारी आठवली. आयोगाला शेकडो साक्षी घेऊन जे कळले ते तिने मला काकड्यानंतर उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगितले होते, आणि तेही सुप्याच्याच मुलखात.

दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यातले मर्म पाहण्यासारखे आहे. खतावर अंगठा आहे म्हणून कोर्टाने तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे पाहायचे. देणेकऱ्याला पावती मिळायची, हिशेब मागायचा हक्क मिळायचा. कायद्याने सारे दुःख फिटले नाही, पण मूळ दुखणे कुठे होते ते त्यावरून दिसते. वही एकाच्या हातात होती आणि घाम दुसऱ्याचा गळत होता. ज्याने कर्ज फेडायचे त्याला त्याचा आकडाच ठाऊक नव्हता.

आता पंचांगाकडे वळू या, म्हणजे सणांचा आणि कर्जाचा गुंता नीट दिसेल. मृगात पेरणी होते. तोवर घरातले बियाणे जमिनीत गेलेले असते आणि कणग्या तळाला लागलेल्या असतात. देशावरची बाजरी हाती येते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि रब्बीची ज्वारी तर त्याहून पुढे. म्हणजे नागपंचमी, पोळा, गौरी-गणपती हे सण नेमके घर रिकामे असताना येतात. त्या महिन्यांत सावकार धान्य द्यायचा ते सवाईने किंवा दिढीने. मणाला सव्वा मण किंवा दीड मण परत, आणि तेही तीन-चार महिन्यांत. पुढे दिवाळी येते. त्या रात्री पेढीवर वह्यांची पूजा होते, पाडव्याला नवी वही सुरू होते आणि जुन्या वहीतली बाकी नव्या पानावर ओढली जाते. एकाच रात्री दोन घरी लक्ष्मीपूजन व्हायचे. एका घरी पणतीपुढे चार नाणी, दुसऱ्या घरी त्याच माणसाच्या नावची बाकी. सण देवाचा होता, पण वही देवाची नव्हती.

येथे कोणी विचारील, बुवा, सण जर कर्जाचे मूळ नाही तर गाडगेबाबा जन्मभर काय सांगत फिरले? प्रश्न रास्त आहे. मी स्वतःलाही तो विचारला.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा. सुप्याचा दंगा होऊन अजून वर्षही झाले नव्हते. वऱ्हाडात शेंडगावी परटाच्या घरी जन्मलेला हा डेबू. बाप दारूने गेला. आई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी राहिली. तिथे डेबूजीने मामाच्या शेतात राबून सोने पिकवले, आणि ते शेत सावकाराच्या कागदाने गिळले. ज्याच्या डोळ्यांदेखत घरची जमीन एका अंगठ्यावर गेली, तो माणूस १९०५ साली घर सोडून निघाला आणि पुढे पन्नास वर्षे गावोगाव खराट्याने वाट झाडत राहिला. रात्री कीर्तनात लोकांना तो प्रश्न विचारी आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेई. चोरी करू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावाने बकरे-कोंबडे मारू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, आणि कर्ज काढू नका, मग ते सणासाठी असो की तीर्थासाठी.

बाबांनी हे आधी आपल्या घरी केले. मुलीच्या बारशाला भाऊबंदांत दारू आणि मटणाचे जेवण घालायची रीत होती. डेबूजीने ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. नातेवाईक रुसले. म्हणजे बाबांनी सण नाकारला नाही, पाहुण्यांना उपाशी पाठवले नाही. जातीच्या रीतीने घरावर लादलेला खर्च तेवढा नाकारला. पुढे लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि बाबांच्या अंगावर मात्र चिंध्या आणि हातात गाडग्याचा तुकडा राहिला.

म्हातारीचा हिशेब खरा आणि बाबांचा उपदेशही खरा, हे दोन्ही एकत्र कसे बसते? पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला उमगले ते असे. बैल मरणे आपल्या हाती नाही. पाऊस आपल्या हाती नाही. नवऱ्याचे दुखणे, सरकारचा सारा, बाजाराचा भाव यांपैकी काहीच आपल्या हाती नाही. म्हातारीच्या साडेचार हजारांत एकच आकडा असा होता की जो कधी येणार हे पंचांगात आधी छापलेले होते, आणि तो एकशेवीसचा. दिवाळी अचानक येत नाही. मरण न सांगता येते, दिवाळी सांगून येते. जे सांगून येते त्यासाठी तरी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, एवढेच बाबांचे सांगणे. ते घराला दिलेले बळ आहे, गरिबाला दिलेला दोष नव्हे. मी त्याचा दोष केला, ही माझी दुसरी चूक.

आता हे बळ येते कसे, ते नाथबाबांच्या चरित्रातल्या एका प्रसंगाने सांगतो. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिवा लावून नाथ वही तपासत बसले. पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, कारण कळल्यावर म्हणाले, एका पैच्या चुकीने एवढा आनंद, मग हीच एकाग्रता भगवंताच्या ठायी लागली तर किती आनंद होईल! आम्ही या कथेचा दुसरा अर्धा भाग सांगतो. पहिलाही तितकाच मोलाचा आहे. स्वामींनी नाथांना वही टाकून ये, मग परमार्थ सांगतो, असे म्हटले नाही. त्याच वहीवरून त्यांना पुढे नेले. चोख हिशेब ही परमार्थाची अडचण नाही, पायरी आहे. तुकोबारायांचेही सांगणे तेच, की धन चोख व्यवहाराने जोडावे आणि खर्चताना मन त्यात अडकवू नये. न जोडताच खर्च करावा, असे कोणत्याच संताने सांगितलेले नाही.

माझ्या आईला नाथांची ही कथा येत होती, पण ती वही ठेवत नव्हती. तिची दोन गाडगी होती, एक वारीचे आणि एक दिवाळीचे. आठवड्याच्या बाजारातून आली की पदराच्या गाठीतले उरलेले चार-आठ आणे ती त्यांत टाकी. रोज दळणाला बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढी, ती मूठ वारीच्या शिध्याची. वडील कीर्तनाला जात, बिदागी मिळे तर मिळे, न मिळे तर नारळ घेऊन येत. घर चाले ते आईच्या गाठीवर.

१९७२ साली पाऊस गेला. मी तेव्हा विशीचा. आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. कामावर सुकडी मिळे, रेशनवर तांबडा मिलो. त्या वर्षी दिवाळीला करंजी नाही, लाडू नाही. आईने गाडगे फोडले, गूळ आणला आणि मिलोच्याच गोड भाकरी केल्या. अभ्यंगाला तेलाचे बोट प्रत्येकाच्या डोक्याला लागले. शेजारच्या एका घराने तीच दिवाळी नेहमीसारखी केली. लोक काय म्हणतील या भयाने त्यांनी व्याजाने पैसे काढले. दोन वर्षांनी त्यांच्या जमिनीचा एक तुकडा गेला. मी त्यांना आज नाव ठेवत नाही. हे मात्र स्पष्ट सांगतो की आईच्या गाडग्याने आम्हाला दुष्काळातून तारले नाही. तारले ते दुष्काळी कामाच्या मजुरीने. गाडग्याने एवढेच केले की त्या मजुरीवर दुसऱ्या कोणाचा हक्क बसू दिला नाही. बचत दुष्काळ हटवत नाही, पण दुष्काळाला सावकाराची जोड मिळू देत नाही.

आज काळ बदलला आहे. १८८२ सालापासून टपाल कचेरीत बचतीचे खाते उघडता येते, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, आता गावोगाव बायकांचे बचतगट आहेत. पण सावकारही बदलला आहे. तो दारात येत नाही, खिशातल्या मोबाईलमधून बोलतो. आता घ्या, पैसे नंतर द्या, असे गोड बोलतो. दिवाळीच्या आधी महिनाभर तो फार प्रेमळ होतो. त्याची वही तर आपल्याला दिसतही नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहा. समजा, गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्या घरी बारा हजार लागतात. वर्षभर बाजूला काढायचे तर महिन्याला हजार, म्हणजे दिवसाला साधारण तेहतीस रुपये. हेच बारा हजार शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने आणले आणि वर्षाने फेडले, तर महिन्याला तीनशे साठ आणि वर्षाला चार हजार तीनशे वीस नुसते व्याज. पुढच्या दिवाळीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग या दिवाळीनेच खाल्ला. अशा तीन दिवाळ्या कर्जाने केल्या तर एका अख्ख्या दिवाळीचे पैसे केवळ व्याजात गेले.

म्हणून माझी विनंती अशी. वारीहून परत आलात, किंवा वारी घडली नसेल तर आषाढी एकादशीचा उपवास सोडलात, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर सगळे घर एकत्र बसावे. पोरांनाही बसवावे. येणारे सण एका कागदावर लिहावेत, त्यापुढे आकडा लिहावा आणि जवळ काय आहे तेही लिहावे. कर्त्याने आकडा लपवू नये. बाप आकडा लपवतो म्हणून पोरे हट्ट करतात. पोरांना खरा आकडा दिसला की तीच म्हणतात, फटाके नकोत, किल्ला करू. हे मी माझ्या नातवंडांत पाहिले आहे. मग काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते सर्वांनी मिळून ठरवावे. फराळ चार घरांनी मिळून करावा. एका घरी चकलीची भाजणी, दुसऱ्या घरी लाडू, म्हणजे कढईतले तेलही वाचते आणि जावाजावांचा अबोलाही सुटतो. हाती एकरकमी पैसे आले तर आधी जुने देणे, मग नवे कापड. आणि भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी पुढच्या वर्षाचे गाडगे मांडावे, मग ते मातीचे असो, टपालातले असो वा बचतगटातले. आमच्या दिंडीत भिशी आधी भरल्याशिवाय कोणी पंगतीला बसत नसे. पंढरीच्या वाटेला जो नियम आहे तो घरच्या सणाला का नसावा?

आणि दोन शब्द आम्हा पुढे बसणाऱ्यांसाठी. घराचा खर्च घरच वाढवत नाही, गावही वाढवते. वर्गणीची पावती दारात धरून अडून बसणारे मंडळ, देणगीदारांची नावे आकड्यासह पुकारणारा ध्वनिक्षेपक, मोठ्या बिदागीचा आग्रह धरणारा कीर्तनकार, हे सगळे त्या कर्त्याच्या उशाशी बसलेल्या आकड्यात आहेत. मजुरावर वर्गणी बसवायची आणि रात्री त्यालाच ‘ऋण काढून सण करू नका’ असे सांगायचे, हे मी केले आहे. ज्या सप्ताहात मी त्या म्हातारीच्या गावाला झोडपले त्या सप्ताहाची वर्गणी तिनेही दिली होती. माझी बिदागी त्यातूनच आली होती. तिच्या हिशेबात तो आकडा तिने धरला नव्हता. देवाला दिलेले ती कर्जात मोजत नव्हती.

ती माउली आता नसेल. ‘ऋण काढून सण’ ही म्हण मी आजही खरी मानतो. पण तिचा उच्चार गरिबाकडे बोट दाखवून करणे मी सोडले आहे. ती आपल्या घरात, आपल्या माणसांत बसून, आपल्या वहीकडे पाहून म्हणायची म्हण आहे. आपली वही आपल्या हाती असली म्हणजे कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिल्यावर मन मागे घराकडे ओढ घेत नाही. देव उठतो त्या दिवशी आपणही निर्धास्त असावे.

रामकृष्णहरी.